इंटरनेटवरचा फोन बसवताना: आधी वीज, मग फायबर, मग राउटर, शेवटी फोन

सांगलीच्या मार्केट यार्डातलं अडत दुकान असो, मिरजेतला दवाखाना असो की साताऱ्यातलं घर, तक्रार बहुतेक एकाच वाक्यात येते: नेट चालू आहे, पण फोन चालत नाही. मग पहिला उपाय म्हणून फोनचा संच बदलला जातो. तेवढ्यानं भागलं नाही, तर डब्यामागच्या बारीक भोकात टाचणी घालून रिसेट दाबलं जातं. संच बहुधा निर्दोष असतो, आणि रिसेटनं चालू असलेलं नेटही जातं.

इंटरनेटवरचा फोन चार गोष्टींवर चालतो: वीज, फायबरची लाइन, राउटर आणि कंपनीच्या सर्व्हरवर तुमच्या नंबरची नोंदणी. आधीची गोष्ट नीट नसेल तर पुढची कितीही दुरुस्त केली तरी फोन चालत नाही. म्हणून बसवताना याच क्रमानं जायचं आणि बिघाड शोधतानाही याच क्रमानं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, कॉल लावून बघायचा, मगच पुढची.

## आधी ठरवा, तुमचा फोन कोणत्या प्रकारचा

फायबरची लँडलाइन. नेटबरोबर कंपनीनं दिलेली. भिंतीवरच्या फायबरच्या डब्याला, म्हणजे ओएनटीला, मागे ‘टेल’ किंवा ‘फोन’ लिहिलेलं छोटं पोर्ट असतं; त्यात साधा फोन लागतो. आवाजाची सेटिंग कंपनी दुरून भरते. तिला हात लावायची सोय सहसा तुम्हाला नसते, आणि गरजही नसते.

एसआयपी नंबर. एसआयपी म्हणजे इंटरनेटवरून कॉल जुळवायची पद्धत. दुकान, दवाखाना, कारखान्याचं ऑफिस यांच्यासाठी. कंपनी युजरनेम, पासवर्ड आणि सर्व्हरचं नाव देते. ते आयपी फोनमध्ये, मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये किंवा साधा फोन जोडायच्या अडॅप्टरमध्ये भरायचं असतं. इथे बरंच काही तुमच्या हातात असतं, त्यामुळे चुकाही इथेच जास्त होतात.

वाय-फाय कॉलिंग. नंबर मोबाइलचाच, कॉल मात्र घरच्या वाय-फायवरून जातो. जावळी, पाटण, महाबळेश्वरकडच्या डोंगराआडच्या घरांत रेंज नसेल पण फायबर पोचलं असेल, तर वेगळा फोन घेण्याआधी हे करून बघा. त्याची माहिती शेवटाकडे वेगळी दिली आहे.

इशारा: एसआयपी नंबर परवानाधारक कंपनीकडूनच घ्या. ‘तुमच्या दुकानात एक डबा ठेवतो, त्यात सिमकार्डं असतील, महिन्याला भाडं देतो’ असं कुणी म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. परदेशातून आलेले कॉल स्थानिक सिमवरून वळवण्यासाठी असे डबे वापरतात. तो गुन्हा आहे, आणि चौकशी जागेच्या मालकापर्यंत येते.

## बसवण्याआधीची तयारी

माणूस बोलवायच्या आदल्या दिवशी हे सगळं उरका.

जुना नंबर. लँडलाइनचा नंबर मोबाइलसारखा एका कंपनीकडून दुसरीकडे पोर्ट होत नाही. तीच कंपनी तांब्याच्या तारेवरून फायबरवर नेत असेल तर नंबर तोच राहू शकतो. ते आधी विचारून लेखी घ्या. कंपनी बदलत असाल तर जुनं कनेक्शन लगेच बंद करू नका. सगळ्या गिऱ्हाइकांकडे नवा नंबर पोचेपर्यंत जुन्यावरून कॉल फॉरवर्डिंग चालू ठेवा. पावतीपुस्तकावर आणि पाटीवर ०२३३ किंवा ०२१६२ नं सुरू होणारा जुना नंबर छापलेला असतो. तो बदलायला बरेच महिने जातात.

जागा. ओएनटी लोखंडी कपाटात, फ्रिजमागे किंवा ओल येणाऱ्या भिंतीवर नको. सांगलीच्या गावभागात, सांगलवाडीत किंवा नदीकाठच्या कुठल्याही गावात असाल, तर २०१९ च्या ऑगस्टमधलं आणि २०२१ च्या जुलैमधलं पाणी भिंतीवर कुठवर आलं होतं ते घरात सगळ्यांना माहीत असतं. ओएनटी, स्विच (नेटच्या अनेक वायरी जोडायचा डबा), यूपीएस हे सगळं त्या खुणेच्या वर.

वीज. यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहे. जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्टचा पुरवठा यायचा, म्हणून लाइट गेली तरी फोन चालायचा. फायबरमधून वीज येत नाही. तुमच्या घरची लाइट गेली की ओएनटी बंद आणि फोनही बंद. घरात वयस्कर माणूस एकटं राहत असेल तर हे पक्कं ध्यानात ठेवा.

उपाय दोन आहेत. एक, राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस. घेताना ओएनटीच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण सगळे नाहीत. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त. दुसरा उपाय घरचा इन्व्हर्टर. त्याच्या मागे ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असा खटका असेल तर तो ‘यूपीएस’वर हवा. ‘नॉर्मल’वर असला की लाइट जाताना क्षणभर पुरवठा तुटतो, ओएनटी पुन्हा सुरू होतो आणि नोंदणी होईपर्यंत काही मिनिटं फोन मुका राहतो. शिवाय वाय-फायचा वेगळा राउटर आणि ऑफिसचा स्विचही त्याच बॅकअपवर हवा. एकटा ओएनटी जिवंत ठेवून आयपी फोन चालत नाही.

घरातली जुनी टेलिफोन वायरिंग. वरच्या मजल्यावर जुना पॉइंट आहे, तोच वापरायचा असं बरेच जण ठरवतात. वापरता येतो, पण आधी खांबावरून येणारी तांब्याची जोडी घराच्या बाहेरच्या डबीत सोडवून वेगळी करा. ती तशीच राहिली तर बाहेरचा व्होल्टेज, आणि वळिवाच्या दिवसांत विजेचा झटका, थेट ओएनटीच्या पोर्टमध्ये येतो. एका पोर्टवर दोन-तीनपेक्षा जास्त फोन लावू नका. रिंग वाजवायला ओएनटीची ताकद पुरत नाही.

ऑफिसचा हिशोब. फोन किती, हा प्रश्न दुसरा. एका वेळी जास्तीत जास्त किती जण बोलणार, हा पहिला. सहा टेबलांवर सहा फोन असतील आणि कंपनीकडून दोनच चॅनेल घेतले असतील, तर तिसऱ्या गिऱ्हाइकाला एंगेज टोन मिळणारच. हळदीच्या हंगामात सौदे चालू असतानाची वेळ धरून आकडा काढा.

कागद. एसआयपी घेणाऱ्यांनी कंपनीकडून लेखी घ्यायचं: युजरनेम, पासवर्ड, सर्व्हरचं नाव, पोर्ट, संदेश पाठवायची पद्धत (यूडीपी की टीसीपी की टीएलएस), कोणते कोडेक (आवाजाचं डिजिटल रूप करायच्या पद्धती) चालतात, एका वेळी किती कॉल. फोनवर तोंडी सांगितलेला पासवर्ड लिहून घेताना मोठं-लहान अक्षर चुकतं, आणि त्या एका अक्षरापायी दिवस जातो.

## टप्पा १: फायबर आणि ओएनटीचे दिवे

पॉवरचा दिवा स्थिर. पॉनचा, म्हणजे फायबर लाइन जुळल्याचा, दिवा स्थिर. लुकलुकत असेल तर लाइन अजून जोडली जात आहे. लॉसचा, म्हणजे प्रकाश येत नसल्याचा, दिवा बंद. लॉस लाल असेल तर प्रकाश पोचतच नाही: फायबर तुटलंय, कुठेतरी दुमडलंय किंवा कनेक्टर नीट बसलेला नाही. तेव्हा फोन, राउटर कशालाही हात लावू नका; कंपनीला कळवा.

बसवणाऱ्या माणसाला ओएनटीच्या सेटिंगच्या पानावरची येणाऱ्या प्रकाशाची पातळी दाखवायला सांगा. साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) ही चालण्याची हद्द. उणे २६-२७ असेल तर आज चालेल, पावसाळ्यात कुठे जोडात पाणी शिरलं की बंद पडेल. उणे २५ च्या आत, म्हणजे उणे २४-२३ कडे, आणून द्या असं तिथल्या तिथे सांगा. माणूस गेल्यावर सांगून उपयोग नाही.

इशारा: फायबर खिळ्याला गुंडाळू नका, दाराच्या फटीतून दाबून नेऊ नका, वळण तीन सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा कमी नको. सुटलेल्या टोकात डोळा लावून बघू नका. आतला लेसर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

## टप्पा २: नेट वायरीवर तपासा

लॅपटॉप ओएनटीच्या लॅन पोर्टला वायरीनं जोडा. वाय-फायवर तपासणी नको, नाहीतर दोष लाइनचा की वाय-फायचा हे कळणार नाही.

नुसती स्पीड टेस्ट करून समाधान मानणं ही नेहमीची चूक. नेहमीच्या जी.७११ कोडेकवर एका कॉलला दोन्ही दिशांना ८०-९० केबीपीएस लागतात. दहा कॉल एकदम चालले तरी एक एमबीपीएसच्या आत. म्हणजे ४० एमबीपीएसची लाइन १०० ची केल्यानं आवाज सुधारत नाही. आवाजाला वेगापेक्षा सातत्य लागतं: पाकिटं, म्हणजे आवाजाचे छोटे तुकडे, गळता कामा नयेत आणि ती सारख्या अंतरानं यायला हवीत.

म्हणून लॅपटॉपवर न थांबता चालणारा पिंग (एखाद्या पत्त्याला संदेश पाठवून उत्तराला लागणारा वेळ मोजणारी आज्ञा) लावा. आधी राउटरच्या पत्त्यावर, तो बहुधा १९२.१६८.१.१ असतो, मग ८.८.८.८ वर. प्रत्येकी पाच मिनिटं चालू द्या.

तपासा: राउटरपर्यंतचा पिंग वायरीवर एक-दोन मिलिसेकंद आणि गळती शून्य हवी. तिथेच गळत असेल तर वायर किंवा पोर्ट खराब. राउटरपर्यंत स्वच्छ आणि बाहेर गळतंय, तर दोष लाइनचा. बाहेरचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. २०, २२, २१, मधेच १८०, पुन्हा २० असं दिसलं तर आवाज तुटणार. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ शिफारशीनुसार एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर संभाषण सहज होतं. सातारा-सांगलीतली चांगली फायबर लाइन या हद्दीच्या बरीच आत बसते.

## टप्पा ३: राउटर सरळ करा

फायबरची नुसती लँडलाइन असेल तर हा टप्पा सोडून पुढे जा. एसआयपीवाल्यांनी इथे वेळ द्यायचा.

ओएनटी स्वतःच राउटर असतो. त्याच्यापुढे दुकानातून आणलेला दुसरा वाय-फाय राउटर नेहमीसारखा जोडला, की पत्ते दोनदा बदलतात आणि एसआयपीचे कॉल भरकटतात. दुसरा राउटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडवर टाका. तसा मोड नसेल तर त्याचा डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटायची सोय) बंद करा, त्याला वेगळा मोकळा पत्ता द्या आणि ओएनटीची वायर त्याच्या वॅन (इंटरनेटच्या) पोर्टऐवजी लॅन पोर्टला लावा.

मग राउटरच्या सेटिंगमध्ये ‘एसआयपी एएलजी’ शोधा आणि बंद करा. ही सोय कॉलला मदत करण्यासाठी बनवलेली आहे, पण बऱ्याच राउटरमध्ये ती एसआयपीचे संदेश अर्धवट बदलते. आवाज एकाच बाजूला जाणं, येणारे कॉल न लागणं यामागे बहुतेक वेळा हीच असते. बंद करून राउटर रीस्टार्ट करा.

इशारा: रीस्टार्ट म्हणजे बटण बंद-चालू. रिसेट म्हणजे भोकातलं बटण दाबून धरणं. कंपनीच्या ओएनटीवर रिसेट कधीच नाही. त्यातली नेटची आणि आवाजाची सेटिंग पुसली जाऊ शकते, आणि ती परत भरायला माणूस येईपर्यंत दोन्ही बंद.

इशारा: कुणी ‘५०६० पोर्ट उघडा’ किंवा ‘फोन डीएमझेडमध्ये टाका’, म्हणजे इंटरनेटला थेट उघडा ठेवा, असं सुचवलं तर करू नका. इंटरनेटवर एसआयपीचं हे नेहमीचं पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम सतत चालू असतात.

## टप्पा ४: फोन जोडा आणि नोंदणी बघा

लँडलाइनसाठी साधा, वायरीचा, चालू असल्याची खात्री असलेला फोन ‘टेल १’ मध्ये थेट लावा. जुन्या वायरिंगमधून नको, कॉर्डलेस नको. फोनचा दिवा लागला आणि डायल टोन आला की नोंदणी झाली असं बहुधा समजायचं. त्यानंतरच घरातली वायरिंग जोडा.

आयपी फोन वायरीनं जोडा. स्विच पीओई, म्हणजे नेटच्या वायरीतूनच वीज देणारा, नसेल तर फोनला वेगळा अडॅप्टर लागतो. माहिती भरल्यावर पडद्यावर ‘रजिस्टर्ड’ दिसायला हवं. ४०३ दिसला तर युजरनेम-पासवर्ड चुकलाय किंवा कंपनीनं खातं रोखलंय. ४०८ म्हणजे सर्व्हरकडून उत्तरच नाही: सर्व्हरचं नाव, डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सोय), फायरवॉल (नेटवरची ये-जा अडवणारी सोय) तपासा. लॉगमध्ये पहिल्यांदा ४०१ दिसला तर घाबरू नका. सर्व्हर आधी पासवर्ड मागतो, त्याचा तो आकडा. तोच पुन्हा पुन्हा येत राहिला तर मात्र पासवर्ड चूक.

## टप्पा ५: चार सेटिंग

एसआयपीच्या फोनमध्ये कोडेकच्या यादीत जी.७११ ए-लॉ सगळ्यात वर ठेवा. भारतातलं टेलिफोन जाळं ए-लॉ वापरतं.

डीटीएमएफ, म्हणजे कॉल चालू असताना दाबलेले आकडे पाठवायची पद्धत, ‘आरएफसी २८३३’ वर ठेवा. ‘इनबँड’वर असला की बँकेच्या कॉलमध्ये ‘एक दाबा’ म्हटल्यावर दाबलेला आकडा पोचेलच असं नाही.

डायल प्लॅनमध्ये, म्हणजे नंबर कसे लावायचे त्या नियमांत, मोबाइलसाठी आधी शून्य धरा. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना शून्य लावावा लागतो. अधिक ९१ नं साठवलेले नंबर लागतात का, हेही बघा. नंबर दाबल्यावर चार-पाच सेकंद शांतता असते, तेव्हा फोन आणखी आकड्यांची वाट बघत असतो. शेवटी हॅश दाबला की बऱ्याच फोनवर कॉल लगेच जातो.

आयएसडी कंपनीकडूनच बंद करून घ्या. हॅक झालेल्या फोनवरून रातोरात परदेशी कॉल होतात आणि बिल तुमच्या नावावर येतं. फोनच्या वेब पानाचा ‘अ‍ॅडमिन’ हा मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदला.

## टप्पा ६: गर्दीत आवाजाला वाट द्या

दुकानात दिवसा फोन तुटतो आणि रात्री स्वच्छ चालतो, याचं कारण बहुतेक अपलोड असतं. क्लाउडवर चित्र पाठवणारे सीसीटीव्ही कॅमेरे आणि मोबाइलच्या फोटोंचा बॅकअप मिळून अपलोड भरून टाकतात, आणि आवाजाची पाकिटं त्यांच्यामागे रांगेत अडकतात. एसटी स्टँडच्या गर्दीत अ‍ॅम्ब्युलन्सला वाट करून द्यावी, तसं राउटरच्या क्यूओएसमध्ये (कुणाला आधी वाट द्यायची ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) फोनला पहिलं स्थान द्यायचं. त्याच वेळी एकूण अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा. ही मर्यादा न घालता नुसतं क्यूओएस चालू केलं तर फरक पडत नाही, कारण रांग तुमच्या राउटरबाहेर लागते. राउटरमध्ये ही सोयच नसेल तर निदान कॅमेऱ्यांची गुणवत्ता कमी करा.

## टप्पा ७: कामाला लावण्याआधीची चाचणी

पैसे द्यायच्या आधी माणूस समोर असतानाच हे करा:

१. मोबाइलवरून फोनवर आणि फोनवरून मोबाइलवर कॉल. दोन्ही बाजूंनी आवाज ऐका.
२. एक कॉल किमान ३५ मिनिटं चालू ठेवा. का, ते खाली येतंच.
३. फोन तासभर न वापरता ठेवा, मग बाहेरून कॉल लावा.
४. बँकेच्या ग्राहक सेवेला लावून आकडे दाबून बघा.
५. कॅमेरे चालू असताना मोठी फाइल पाठवा आणि त्याच वेळी बोला.
६. मेन स्विच बंद करून बॅकअपवर कॉल करा.

११२ वर चाचणीचा कॉल करू नका. आयपी फोन दुसऱ्या जागी हलवला तर मदतीला येणाऱ्यांना नंबरवरून पत्ता कळेल असंही धरू नका. फोनशेजारी पूर्ण पत्ता मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा.

## बिघाड: लक्षणावरून कारण

डायल टोन नाही, नेट चालू. फोन थेट ‘टेल १’ ला लावा, मग दुसरा फोन लावून बघा. थेट लावल्यावर चालला तर दोष वायरिंगचा. तरीही टोन नाही आणि फोनचा दिवा बंद, तर नोंदणी गेली आहे. ओएनटी एकदा रीस्टार्ट करा. नाहीच आला तर ते काम कंपनीचं.

एकाच बाजूचा आवाज. एसआयपी एएलजी, दोन राउटर, फायरवॉल, या क्रमानं बघा. कॉल जुळवणारे संदेश एका वाटेनं जातात आणि आवाज वेगळ्या पोर्टांवरून. दुसरी वाट अडली की रिंग वाजते, पण बोलणं पोचत नाही.

बरोबर ३०-३२ सेकंदांनी कॉल तुटतो. उचलल्याची पोच समोरच्या टोकाला मिळालेली नाही. एसआयपीच्या नियमात ती वाट बघायची मुदत ३२ सेकंद आहे. दोष पुन्हा एएलजी किंवा राउटरचा. दर वेळी १५ किंवा ३० मिनिटांनी तुटतो तर सेशन टायमर, म्हणजे कॉल चालू आहे ना हे ठराविक वेळानं तपासणारं घड्याळ; त्याचा नेहमीचा आकडा १८०० सेकंद, आणि ताजं करणं निम्म्या वेळेवर होतं. हा आकडा कंपनीला सांगितला की त्यांना नेमकं कुठे बघायचं ते कळतं. दर वेळी वेगळ्या वेळेला तुटत असेल तर लाइन किंवा वाय-फाय तपासा.

जाणारे कॉल लागतात, येणारे लागत नाहीत. फोन शांत असताना राउटर त्याची वाट बंद करून टाकतो. फोनमध्ये ‘कीप अलाइव्ह’ चालू करून २०-३० सेकंदांवर ठेवा. त्याआधी फोनवर चुकून ‘डू नॉट डिस्टर्ब’ दाबलेलं नाही ना, तेही बघा.

आवाज तुटक येतो. कोणाला तुटक ऐकू येतो ते विचारा. तुम्हाला तुटक, समोरच्याला स्वच्छ: तुमची डाउनलोडची बाजू किंवा समोरच्याची लाइन. समोरच्याला तुटक, तुम्हाला स्वच्छ: तुमचं अपलोड, म्हणजे टप्पा ६. एकाच नंबरशी बोलताना होत असेल तर दोष त्यांच्याकडे.

स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो. तुमचा संच बदलू नका. समोरच्याच्या स्पीकरचा आवाज त्याच्याच माइकमध्ये शिरतोय. त्यांना आवाज कमी करायला किंवा स्पीकर बंद करायला सांगा.

रात्री १००, १००१ असल्या नंबरवरून रिंग, उचलल्यावर शांतता. हे गिऱ्हाइक नव्हे, पोर्ट चाचपणारे प्रोग्रॅम आहेत. उघडलेलं पोर्ट बंद करा आणि फोनमध्ये ‘फक्त सर्व्हरकडूनच कॉल घ्या’ अशी सेटिंग चालू करा.

## वाय-फाय कॉलिंग करणाऱ्यांसाठी

मोबाइलच्या सिम सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करा. दोन सिम असतील तर दोन्हींसाठी वेगवेगळं करावं लागतं. मग विमान मोड लावा, त्यातच वाय-फाय चालू करा आणि कॉल करून बघा. तेव्हा लागला तरच तो खरोखर वाय-फायवरून जातोय. एरवी एखादी कांडी रेंज असते आणि आपली फसगत होते. लागत नसेल तर व्हीपीएन बंद करा. ऑफिसच्या फायरवॉलमध्ये यूडीपी ५०० आणि ४५०० ही पोर्टं बाहेर जायला मोकळी हवीत.

महाबळेश्वरकडे जांभ्याच्या जाड भिंतींतून वाय-फाय पुढच्या खोलीत पोचताना थकतं. तिथे वायर ओढून दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट लावा. स्वस्त रिपीटरवर वेब पानं उघडतात, पण आवाज तुटतो.

## कंपनीला तक्रार करताना

‘फोन बंद आहे’ एवढंच सांगितलं तर ‘रीस्टार्ट करा’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी सांगा: पॉन स्थिर, लॉस बंद, फोनचा दिवा बंद, साधा फोन थेट ‘टेल १’ ला लावून पाहिला, ओएनटी एकदा रीस्टार्ट केला. एसआयपी असेल तर बिघडलेल्या एका कॉलची तारीख, वेळ, दोन्ही नंबर आणि पडद्यावरचा आकडा. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. मुदतीत काम झालं नाही तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपीलीय प्राधिकरणाकडे अपील करता येतं. त्याचा पत्ता आणि ईमेल कंपनीच्या संकेतस्थळावर असतो.